पुस्तक बदलून आणायचा नियम : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना वाचक' यांस,

तुमची प्रतिक्रिया माझ्या पोस्टपेक्षा चांगली लिहिलेली आहे, हे आधीच कबूल करतो. दोन ओळी खरडून सुटणार होतो, पण ऐरोलीहून घरी येताना गाडीत ती पुन्हा वाचली आणि वाटलं, हिला नीट उत्तर द्यायला हवं. म्हणून ही वेगळी पोस्ट.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३१ डिसेंबरला मी नव्या वर्षाचे माझे गेमिंगचे संकल्प लिहिले होते. हातातला गेम संपवल्याशिवाय किंवा सोडून दिल्याशिवाय नवा घ्यायचा नाही. वर्षात १२ गेम पूर्ण करायचे. मोबाइलवरचे 'रोज हजेरी लावा' छापाचे गेम काढून टाकायचे. अवघड गेला तर लाज न बाळगता सोप्या पातळीवर खेळायचं. आणि शनिवारी रात्री बायकोबरोबर एक गेम.

त्यावर जुने वाचक लिहितात (थोडी कात्री लावली आहे) : "चाळिशी उलटलेला माणूस संकल्प कसला करतो, तर गेम खेळायचा! लोक वाचनाचे करतात, व्यायामाचे करतात. बरं, खेळ म्हणजे मौज. तिला वेळापत्रक लावलंत की ती मौज राहिली नाही, नोकरी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने याला आजार म्हटलंय, ते वाचा जरा. आमचा नातू जेवायला हाक मारली की 'थांबा' म्हणतो. त्याला तुमचा ब्लॉग दाखवू का?"

नातवाचं शेवटी बोलू. मला वाटतं खरी प्रतिक्रिया तीच आहे, बाकीचं तिच्या रागात आलंय.

मौजेची नोकरी होते हे तुमचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते माझ्या बाबतीत झालेलं आहे. गेल्या वर्षी माझा आकडा १० होता. डिसेंबर अर्धा सरला तेव्हा वहीत ७ गेम होते. मग मी काय केलं, तर लहान गेम शोधून काढले. त्यात 'अ शॉर्ट हाइक' मिळाला. २०१९ चा, दोनेक तासांत होणारा. त्यात क्लेअर नावाची एक पक्ष्याची पोर आहे. तिला एका फोनची वाट बघायची आहे आणि बेटावर कुठेच रेंज नाही. रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. तिथे चढायला वाटेत सोनेरी पिसं गोळा करायची. जेवढी पिसं जास्त, तेवढं जास्त चढता येतं. वाटेत मासे पकडा, कोणाशी गप्पा मारा, समुद्रावर काठीने चेंडू टोलवत बसा. कोणी घाई करत नाही. अख्ख्या गेममध्ये घाईला जागा नाही.

मी तो सव्वा तासात संपवला. भेटेल त्याच्याशी बोलताना मजकूर न वाचता बटण दाबत गेलो. माथ्यावर पोचलो, फोन वाजला. कोणाचा ते सांगत नाही, तुम्ही कधी खेळलात तर. पण ज्या फोनसाठी एवढा डोंगर चढायचा, तो फोनही मी बटण दाबदाबून उरकला आणि वहीत लिहिलं, '८'. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर जायचं, गाडीतून खाली न उतरता वळवायची आणि 'येऊर झालं' म्हणायचं, तसला प्रकार.

आणि हिशेब तरी कुठे बसतो? मला आठवड्याला फार तर चार तास मिळतात. वर्षाचे झाले २०८. 'रेड डेड रिडेम्प्शन २' माझ्याकडे कधीपासून पडून आहे. नुसती मुख्य कथा खेळायची तर पन्नासेक तास लागतात. म्हणजे जानेवारीत हातात घेतला तर पाडवा उलटून जाईल. असे १२ गेम कधी व्हायचे? तेव्हा आकड्याचा संकल्प मी मागे घेतला आहे. पोस्टमध्ये तो खोडलाय आणि खाली लिहिलंय की हे एका वाचकामुळे.

पण बाकीचे संकल्प ठेवतोय. आणि 'वाचनाचे संकल्प करा' हे तुम्ही म्हणालात, तर माझा पहिला संकल्प वाचनाकडूनच आलेला आहे, ते सांगतो.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तुम्हाला माहीत असणारच. १८९३ सालची संस्था. बाबा तिथले सभासद होते आणि पुस्तक बदलून आणायला मला पाठवायचे. आमच्या घरात 'पुस्तक आणायला जा' असं कधीच कोणी म्हणत नसे, 'बदलून आण' म्हणत. हातातलं दिल्याशिवाय दुसरं नाही. आणि बाबा सगळीच पुस्तकं संपवत असत असं नाही. कधीकधी दोन दिवसांत "नाही जमलं, बदलून आण" म्हणायचे. मला काउंटरवर उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. पण तिथे कोणी कधी विचारलं नाही की पूर्ण वाचलं का. परत आलं, एवढंच बघत.

आता माझ्या गेमच्या कपाटाकडे बघा. कपाट कसलं, स्क्रीनवर चौकोनांच्या ओळी आहेत. एकूण ४७ गेम, त्यातले १९ एकदाही न उघडलेले. सगळे डिसेंबरच्या नाहीतर दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेले, 'एवढ्या स्वस्तात पुन्हा कुठे मिळणार' म्हणून. इथे परत द्यायला काउंटर नाही, तारखेचा शिक्का नाही. म्हणून घरातच तसा काउंटर मांडायचा, एवढंच माझ्या संकल्पाचं स्वरूप आहे. माझ्या पीएस-४ ची (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राची) डिस्क ५०० जीबीची. 'रेड डेड'च शंभर जीबीच्या वर जागा खातो. तेव्हा नियम असा की डिस्कवर माझा एक गेम आणि शनिवारचा एक. नवा हवा तर आधीचा पुसायचा, मग तो संपलेला असो की 'नाही जमलं' असो. याला तुम्ही वेळापत्रक म्हणाल. मी बदलून आणणं म्हणतो.

आता आजाराविषयी. तुम्ही म्हणता ते मी वाचलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. त्यात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, हे खरं. पण गेम खेळणं म्हणजे आजार, असं त्यात नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीची कामं आणि आवडी मागे पडत जातात, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालू असतं, तेव्हा तसं निदान करतात. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीबिमीला कृपया यात मिसळू नका. तो जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्यात मान्यता दिली आहे.)

त्या वर्णनाच्या सगळ्यात जवळ मी कधी गेलो असेन, तर ते टीव्हीसमोर चार तास बसून नव्हे. मोबाइलवरच्या एका फुकट गेममुळे. नाव घेत नाही. त्यात रोज हजेरी लावली की एक पेटी उघडते आणि एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्यावर. माझा आकडा २१४ होता. त्यात खेळण्यासारखं काही उरलं नव्हतं. पेटी उघडायची, तीत दुसऱ्या पेटीची किल्ली निघायची. एके सकाळी ठाण्याहून गाडी पकडली, दिघा गावपर्यंत शुद्धीत होतो, मग पेटीचं घड्याळ उलटं मोजत होतं ते बघत बसलो. मान वर केली तेव्हा रबाळे. ऐरोलीला गाडी थांबली, लोक उतरले, माझ्या पायावर कोणीतरी पाय दिला तोही जाणवला होता, पण स्टेशन जाणवलं नाही. तरीही गेम काढला नाही. काढला तो गणपतीत. आरती चालू होती, एका हातात झांज आणि दुसऱ्या हाताने मी खिशातला फोन काढून 'कलेक्ट' दाबलं. बायकोने बघितलं. काही बोलली नाही, टाळ्या वाजवत राहिली, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली.

म्हणून तो संकल्प. तुमचा मुद्दा मला मान्यच आहे, पण मला ताबा सुटायची भीती संकल्पामुळे वाटत नाही. संकल्प नव्हता तेव्हा तो सुटला होता.

सोप्या पातळीवर खेळणं 'म्हणजे आधीच हार मानणं' असंही तुम्ही एका ओळीत टोमणा मारलाय. त्यावर फार नाही बोलत. 'हेडीस' नावाच्या गेममध्ये 'गॉड मोड' आहे. तो चालू केला की लागणारा मार वीस टक्क्यांनी कमी होतो आणि दर वेळी मेलात की आणखी दोन टक्क्यांनी, असं करत ऐंशी टक्क्यांपर्यंत. मी २३ वेळा मेलो. म्हणजे सहासष्ट टक्के सवलत घेऊन शेवटच्या बॉसला, म्हणजे सगळ्यात मोठ्या शत्रूला, हरवलं. विशीत असतो तर हे कोणाला सांगितलं नसतं. आता इथे लिहितोय.

शनिवारचं मात्र वेगळं. 'इट टेक्स टू' हा २०२१ चा गेम एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच. घटस्फोट घ्यायला निघालेल्या नवरा-बायकोच्या बाहुल्या होतात आणि त्यांना मिळून घरभर वाट काढायची असते. विषय ऐकून बायको म्हणाली, "यासाठी वेगळा गेम कशाला, किचन ट्रॉली आवरायला घेऊ." पण बसली. सुरुवातीच्या एका भागात नवऱ्याकडे खिळे असतात आणि बायकोकडे हातोडी. त्याने भिंतीत खिळा मारायचा, तिने हातोडी अडकवून त्याला लोंबकळत पलीकडे जायचं. मी खिळा मारायला उशीर केला की ती खाली. सहा वेळा पडली. सातव्यांदा पडल्यावर तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तू मला येताना बघतोस, का खिळ्याकडे बघतोस?" मी खिळ्याकडे बघत होतो.

आता तुमचा नातू. त्याला हा ब्लॉग खुशाल दाखवा, फक्त मोबाइलवरच्या पेटीचा परिच्छेद आधी. पण त्याच्या 'थांबा'बद्दल एक सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यावरून तो बीजीएमआय (शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला, असा मोबाइलवरचा लढाईचा ऑनलाइन गेम) किंवा तसंच काही खेळत असावा. आम्ही लहानपणी व्हिडिओ गेम खेळायचो तेव्हा 'पॉज' दाबला की सगळं जागच्या जागी थांबायचं. ऑनलाइन मॅचमध्ये तो पर्यायच नसतो. शंभरेक खरी माणसं एका नकाशावर उतरलेली असतात, त्यातली तीन बहुतेक त्याच्या संघातली, कदाचित वर्गातलीच. तो उठला तर ती तिघं उघड्यावर पडतात. एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालू शकते. कॅरमचा शेवटचा बोर्ड चालू असताना तुम्हाला कोणी हाक मारली असती, तर तुम्हीही 'आलो आलो' म्हणून बसून राहिला असतात.

म्हणून हाक मारताना 'जेवायला चल' म्हणू नका. 'किती उरलेत?' असं विचारा. किती जण जिवंत आहेत तो आकडा त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत दिसत असतो. आठ-दहा म्हणाला तर तवा तापत ठेवायला सांगा. साठ म्हणाला तर तुम्ही जेवून घ्या.