‘शांत’ म्हणजे नेमके किती शांत?
उंच इमारतीतल्या आलिशान सदनिकेची जाहिरात हाती आली की पहिला शब्द ‘शांत’ हाच असतो, आणि आता तो नुसता वाचला तरी संताप येतो. शांत म्हणजे किती वाजता, कोणत्या खिडकीशी, आणि शेजारच्या मोकळ्या भूखंडावर उद्या दुसरा मनोरा उभा राहू लागला तरीही का? रहदारीसारख्या सलग स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले, तरी आवाज साधारण ३ डेसिबलच कमी होतो. शिवाय वरच्या मजल्यावर भिंतींचा आणि झाडांचा आडोसा संपतो आणि दूरचा महामार्गही थेट कानाशी येतो. मग निव्वळ उंची ही शांततेची हमी कशी ठरते? क्षेत्रफळ विचारावे, तर जिना, लिफ्ट आणि प्रवेशदालनाचा वाटा मिसळलेला आकडा पुढे केला जातो. भिंतींच्या आत, प्रत्यक्ष पाय ठेवता येईल अशी जागा किती, हे तीनदा विचारावे लागते. छायाचित्रे खोल्या फुगवून दाखवणारी, आणि किमतीच्या जागी ‘संपर्क साधा’! आयुष्यभराची पुंजी मागणाऱ्याने दोन सरळ आकडे लपवावेतच का? देखभालीचा मासिक खर्च तर करारावर सही करायची वेळ आली तरी कोणी स्वतःहून सांगत नाही.