टाइप केलेले हरवता कामा नये

गेल्या चवथीच्या आधी सत्तरीतल्या माझ्या आत्याने एका योजनेचा अर्ज मोबाइलवर भरायला घेतला. नाव, पत्ता, बँकेचा तपशील, घरातल्या माणसांची माहिती असे पाऊण तास टाइप केल्यावर पावसात रेंज गेली. तिने पुन्हा बटण दाबले, तर समोर कोरा अर्ज उभा राहिला. "माझंच काहीतरी चुकलं असणार रे," असे तिने मला फोनवर सांगितले.

वेब सॉफ्टवेअरचे डिझाइन हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ते वाक्य मला फार लागले, कारण चूक तिची नव्हतीच. माणसाने टाइप केलेला मजकूर हे त्याचे श्रम आहेत आणि ते जपणे हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे. रंगसंगती आणि सरकणारी चित्रे यांचा विचार त्यानंतर व्हावा.

तांत्रिकदृष्ट्या हे अवघडही नाही. ब्राउझरमध्ये प्रत्येक संकेतस्थळाला साधारण ५ एमबी मजकूर ठेवण्याची सोय असते आणि एका अर्जाला त्यातले काही किलोबाइटच लागतात, त्यामुळे प्रत्येक रकाना भरून होताच त्याचा मसुदा फोनमध्येच जपून ठेवता येतो. मात्र आपल्याकडे एकच फोन घरभर फिरतो आणि कित्येक अर्ज सायबर कॅफेतल्या संगणकावर भरले जातात. म्हणून आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मसुद्यात ठेवू नयेत, आणि अर्ज पोचल्याबरोबर मसुदा पुसून टाकावा. अर्ज पाठवण्यापूर्वीच त्याला स्वतंत्र क्रमांक दिला, तर बटण दोनदा दाबले गेले तरी तोच अर्ज पुन्हा आल्याचे सर्व्हरला ओळखता येते. मग 'बटण एकदाच दाबा' अशी लाल अक्षरातली तंबी देण्याची वेळच येत नाही.

गोव्यात आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे मीही कित्येक वर्षे दुर्लक्ष केले. आपल्या गावांची रोमन स्पेलिंगे पोर्तुगीज वळणाची आहेत. साखळीच्या स्पेलिंगमध्ये 'क्यू' येतो, आणि साखळी, डिचोली या दोन्ही नावांच्या शेवटी असलेला 'एम' ही त्या लेखनपद्धतीत अनुनासिकाची खूण आहे. जो माणूस उच्चाराप्रमाणे टाइप करतो, त्याला यादीत स्वतःचे गावच सापडत नाही. शोधाच्या रकान्याने देवनागरी नाव, उच्चाराप्रमाणे केलेले स्पेलिंग आणि सरकारी स्पेलिंग ही तिन्ही रूपे स्वीकारली पाहिजेत. ही यादी एकदा नीट बसून करावी लागते, एवढेच.

देवनागरीचा प्रश्नही याला लागूनच आहे. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळींच्या अंतरात वेलांटी आणि उकार कापले जातात, आणि अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवले, तर चांगल्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे येतात आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही योग्य आवाज निवडता येतो. ही नोंद एका शब्दाची असते. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांत बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे; आत्याच्या बोटांकडे पाहता मी तो दुप्पट ठेवतो.

सध्या मी एका सहकारी संस्थेचा अर्ज तयार करतो आहे. तो तपासताना तिसऱ्या पानावर पोचल्यावर फोन विमान मोडवर टाकायचा, ब्राउझर बंद करायचा आणि पुन्हा उघडायचा, असा नियम मी केला आहे. परवा बाकी सगळे जागेवर राहिले, पण जन्मतारीख आणि जोडलेला फोटो गेला. अर्ज आठ दिवस उशिरा सुरू करू या, असे मी समितीला सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.