बल्ब पेटला म्हणून अर्थिंग चांगली ठरत नाही

उन्हाळा लागला की आपल्या विदर्भात दरवर्षी त्याच बातम्या येतात. कूलरमध्ये पाणी टाकताना करंट लागला. कुठं बाई गेली, कुठं लेकरू. पत्र्याची बॉडी, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी आणि पाय अनवाणी. मी वायरिंगचं काम करतो, मला या बातम्या वाचवत नाहीत.

अर्थिंग म्हणजे पत्र्यावर आलेला करंट जमिनीत नेणारी वाट. खेड्यात ती तपासायची एकच रीत. शंभरचा बल्ब घ्यायचा, एक वायर फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला, दुसरी अर्थिंगला. पेटला की काम पास. अरे, पण तो बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही! अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 50 ओहम असला तरी तो झकास पेटतो. त्याच अर्थिंगवर उद्या कूलरच्या मोटरची फेज बॉडीला लागली, तर जमिनीत जाणार 230 भागिले 50, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. 16 अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच, त्यावर ढिम्म हलत नाही. पत्र्यावर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट तसेच राहतात आणि घरचे "अर्थिंग आहे न भाऊ" म्हणून निर्धास्त.

जुन्या वायरमन लोकांना मी नावं ठेवणार नाही. खोल खड्डा, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, कोळसा-मिठाचे थर हे आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकातही आहे; पाईप किमान अडीच मीटरचा हवा, असं ते सांगतं. काळ्या मातीत ओल असेतोवर ही रीत उत्तम चालते. वैशाखात जमिनीला भेगा पडल्या की माती पाईप सोडते आणि रोध वाढतो. म्हणून म्हातारी माणसं खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची. आता त्यावर सिमेंट टाकून मोकळे होतात.

खरी चीड येते ती न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीच्या, तुकड्याची. खड्ड्याचा खर्च नको, म्हणून बोर्डातच वायरीच्या तुकड्याने न्यूट्रल अर्थिंगच्या पिनला जोडून देतात. बल्ब लावा, मस्त पेटतो. पण वादळात डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, येणारा न्यूट्रल तुटला, की चालू पंख्यातून, बल्बमधून फिरून करंट त्या तुकड्यावर येतो आणि तिथून कूलर, फ्रीज, सगळ्यांच्या पत्र्यावर. एकही वस्तू बिघडलेली नसताना!

यावर इलाज 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परतला नाही, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. खड्डा कमजोर असला तरी साडेचार अँपिअर तिला कितीतरी जास्त झाले. एका घरी काकांनी मला सांगितलं, "हे डबडं सारखं पडते, काढून टाक बावा." बोर्ड उघडला तर काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला तोच तुकडा. खड्डाही होता, वरून हाही. न्यूट्रलचा थोडा करंट जमिनीत जात होता आणि ती बिचारी बरोबर पडत होती. तुकडा कापला, नंतर पडली नाही.

वायरमन भावांनो, मालक दोनच वायरीचे पैसे देतो म्हणाला तरी अर्थिंगची तिसरी हिरवी वायर सोडू नका; नाहीच ऐकलं तर ते काम सोडा. घरच्यांनी आरसीसीबीचं टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबून बघावं. पडली नाही तर बदलून घ्यावी. आणि कूलरमध्ये पाणी टाकायच्या आधी बटन बंद करून भागत नाही, कारण कित्येक घरांत स्विच न्यूट्रलवरच बसवलेला असतो. सॉकेटमधून कूलरची पिनच काढा.