हरित चषक म्हणे!

रात्रीचे दोन वाजलेत आणि मागच्या मळ्यात जनरेटर अजून घरघरतोय. गेटवर भलामोठा फ्लेक्स, 'पर्यावरणपूरक नाइट अंडरआर्म क्रिकेट स्पर्धा'. फ्लेक्स! प्लास्टिकचा! उद्घाटनाला आंब्याचं रोप लावलं ते दुसऱ्या दिवशी बकरीने खाल्लं, झालं पर्यावरण. पाहुणे आले चार गाड्यांतून, त्याही एसीसाठी चालूच ठेवलेल्या, आणि वाडीतली पोरं दहा मिनिटांच्या वाटेवर एकेकटी बाईक घेऊन. अरे मेल्यांनो, एक लिटर डिझेल जाळलं की अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, इथे बॅरल रिकामं होतंय! विजेचा पोल पन्नास पावलांवर आहे, तात्पुरतं कनेक्शन घ्यायला काय झालं? पॅरिसवाल्यांनी २०२४ चं अख्खं ऑलिंपिक जवळपास ग्रिडच्या, म्हणजे तारेतून येणाऱ्या नेहमीच्या विजेवर केलं, आमच्या आठ हॅलोजनना मात्र जनरेटरच हवा. म्हणा, फिफाने तरी काय केलं, २०२२ चा कतारचा फुटबॉल वर्ल्डकप कार्बन न्यूट्रल (जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढला म्हणे) म्हणून मिरवला आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाने तो दावा दिशाभूल करणारा ठरवला. मग आमचे कोण लागून गेले? आणि दिवसा खेळायला काय होतं रे, ऊन फुकट आहे ना? तर म्हणे डीजेला मजा येत नाही. अजून सेमीफायनल बाकी आहे.