लेक्चर बुडवायचं तर उघड बुडवा

वाईट शिकवलं जाणारं लेक्चर बुडवलं तर चालेल का, हा प्रश्न मला दर सेमिस्टरला कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर सरळ आहे: चालेल. फक्त प्रॉक्सी लावून, म्हणजे दुसऱ्याकडून आपली खोटी हजेरी लावून घेऊन, बुडवू नका, आणि तो तास कुठे घालवणार हे ठरवल्याशिवाय बुडवू नका. एवढं बोलून थांबले तर मुलं पुढचं ऐकतच नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल. मी रत्नागिरीत बीएस्सीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेते. कॉलेजात नीट शिकवलं गेलं नाही तर मुलं माझ्याकडे वाढतात. म्हणजे मुलांनी लेक्चर सोडावं यात माझा फायदाच आहे. हे माहीत असू द्या आणि मग माझं म्हणणं वाचा.

माझ्याकडे येणारी बरीच मुलं शहरातली नसतात. कुणी पावसच्याही पुढून, पूर्णगड-गावखडीकडून येतं, कुणी मालगुंडहून, कुणी पालीहून. पहाटे उठून एसटी पकडायची, रहाटाघरच्या स्टँडवर उतरायचं, आणि संध्याकाळची गाडी मिळेपर्यंत शहरातच राहायचं. विद्यार्थ्यांच्या पासात एसटी 66.67 टक्के सवलत देते, म्हणजे तिकिटाचा एक तृतीयांश खर्च घरचे करतात. वेळेत सवलत कुठलीच नाही. मुंबई-पुण्याच्या मुलाने लेक्चर बुडवलं तर तो घरी जाऊन झोपतो किंवा अभ्यास करतो. गावखडीच्या मुलीने सव्वादहाचं लेक्चर बुडवलं तर ती जाणार कुठे? घर तिला सहा वाजेपर्यंत मिळणार नसतं. त्यामुळे मोठ्या शहरातल्या मुलांनी दिलेले ‘सेल्फ स्टडी कर, लेक्चरमध्ये काय ठेवलंय’ असले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत.

एका मुलीची आई मला म्हणाली होती, “तिथे शिकवीत नाय तर एवढ्या पहाटेची कशाला पाठवू मी तिला?” प्रश्न रास्त आहे. त्या बाईंना मी काय सांगावं, या विचारातूनच ही पोस्ट लिहावीशी वाटली.

ही मुलं आळशी नाहीत हे आधी मान्य करूया. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं कोकण विभागीय मंडळ 2012 मध्ये पहिल्यांदा वेगळं म्हणून निकालात आलं, आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पुढेच आहे. 2024 चा बारावीचा निकाल 97.51 टक्के होता. तीच मुलं चार महिन्यांनी एफवायच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात शेवटच्या बाकावर फोन घेऊन बसलेली दिसतात. मधल्या चार महिन्यांत मुलं बदलली नाहीत, वर्ग बदलला.

पण वर्गात काय बदललं ते नीट बघायला हवं, कारण ‘सर वाईट शिकवतात’ या एका वाक्यात मुलं तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात.

पहिली गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून किंवा सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलाला पहिल्या सेमिस्टरला अख्खं लेक्चर इंग्रजीत ऐकावं लागतं. त्याला काही कळत नाही आणि तो समजतो सरांना शिकवता येत नाही. अशा वेळी लेक्चर सोडणं सगळ्यात महाग पडतं. ऐकून ऐकूनच ती भाषा कानात बसते. दिवाळीपर्यंत चिकाटीने बसलेली मुलं नंतर मोकळी होताना मी बघितली आहेत, आणि सप्टेंबरमध्ये सोडून दिलेली मुलं तिसऱ्या वर्षालाही इंग्रजी पुस्तक उघडायला घाबरतात. तुमची अडचण ही असेल तर कृपा करून वर्ग सोडू नका. पुढच्या बाकावर बसा, आणि सरांना तासानंतर मराठीत विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात.

दुसरी गोष्ट खरोखर वाईट शिकवण्याची. माझ्या विषयातलं उदाहरण देते. लिमिटची, म्हणजे एक्स एखाद्या आकड्याच्या जवळ नेला की उत्तर कशाच्या जवळ जातं त्याची, एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या. एफवायच्या मुलाचा गणितावरचा विश्वास इथे टिकतो किंवा जातो. अनेक वर्गांत काय होतं, तर व्याख्या फळ्यावर उतरते, खाली एक गणित उतरतं, ‘हेन्स प्रूव्ह्ड’ म्हणून फळा पुसला जातो. 48 मिनिटांत तीस-चाळीस मुलांनी एक पान नक्कल केलेलं असतं. खरं तर ती व्याख्या म्हणजे एक पैज आहे. तू मला सांग उत्तरात किती फरक चालेल. मी तुला सांगते एक्सला किती जवळ ठेवायचं. तू फरक आणखी कमी माग, मी आणखी जवळ जाते. तू कितीही कमी मागितलंस तरी दर वेळी मला तेवढी जवळची जागा सापडली, तर लिमिट आहे. एकदा जरी सापडली नाही, तर नाही. फळ्यावर एक आडवा पट्टा, एक उभा पट्टा काढला आणि दोन मुलांना समोरासमोर ही पैज खेळायला लावली की पंधरा मिनिटांत वर्ग बोलायला लागतो. ते पंधरा मिनिटांचं काम न करता जो तास जातो, त्याला मी वाईट तास म्हणते. त्यात शिकवणारा माणूस वाईट असतो असं नाही.

कारण तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. कितीतरी कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि वर्ग सीएचबीवर, तासिका तत्त्वावर चालतात. घेतलेल्या तासांचेच पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा. सुट्टीत काही नाही. पुढच्या वर्षी असू की नसू ते माहीत नाही. नेट-सेट झालेला, पीएचडी केलेला माणूस दोन कॉलेजांत तास घेत आणि मधल्या वेळेत घराचे हप्ते कसे फेडायचे याचा विचार करत वर्गात येतो. त्याची तयारी कमी पडली तर त्याच्यावर राग काढणं मला पटत नाही. पण त्या रिकाम्या जागांची किंमत गावखडीच्या मुलीने तिच्या पहाटेतून का द्यावी, हेही मला पटत नाही.

आणि चौथी गोष्ट म्हणजे जे येतच नाहीत, आले तर मुलींना टोमणे मारतात, गावच्या मुलांच्या बोलण्याची नक्कल करतात. अशा तासाला बसणं कुणाचंही कर्तव्य नाही. तिथे चर्चाच नको, सरळ तक्रार करावी.

मग ठरवायचं कसं? मी मुलांना एकच परीक्षा सांगते. आदल्या रात्री उद्याच्या टॉपिकची दोन पानं वाचून जा. कळली नाहीत तरी चालेल, वाचून जा. असं सलग दोन-तीन आठवडे करा. पुष्कळदा असं होतं की फळ्यावर नुसतं उतरवणाऱ्या सरांचं लेक्चरही कामाला यायला लागतं, कारण अडलं कुठे ते तुम्हाला आधीच माहीत असतं आणि नेमक्या त्या ओळीला तुम्ही हात वर करता. जो शिक्षक नुसतं उतरवतो तो पुष्कळदा विचारल्यावर छान समजावतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच. वाचून गेल्यावरही तास कोरडा गेला, विचारल्यावरही उत्तर मिळालं नाही, तर तो तास सोडायला माझी हरकत नाही.

हिशेबही डोळे उघडे ठेवून करा. मुंबई विद्यापीठाचा नियम सरासरी 75 टक्के हजेरीचा आहे. दोन क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे 30 तास, त्या सरासरीने त्यातले 23 बसायला हवेत. हातात उरतात सात. त्यातच ताप येतो, जुलैत रस्त्यावर पाणी येतं, गणपतीत घरी जावं लागतं. घाटावरच्या कॉलेजातल्या मुलांना कळणार नाही, पण गणपती-गौरीला आपल्याकडे कुणी वर्गात असतं का? शिमग्याला पालखी दारात आल्यावर कोण लेक्चरला जाईल? ते सात तास तिथेच संपतात. सप्टेंबरपर्यंत ते कॅन्टीनमध्ये उडवले की मग डिफॉल्टर लिस्ट, वडिलांना फोन, हमीपत्र. महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मुलांनी तर आपापल्या योजनेची हजेरीची अट आधी वाचावी. त्यांचं नुकसान रुपयांत होतं.

प्रॅक्टिकल मात्र कधीच सोडू नका, कितीही कंटाळवाणं असलं तरी. ब्युरेटचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मापाच्या काचनळीचा, नळ थेंबागणिक सोडायची सवय कुठल्याही व्हिडिओतून येत नाही.

आता सोडलेल्या तासाचं काय करायचं. मांडवीच्या जेट्टीवर किंवा भाट्याला जाऊन बसायचं असेल तर खुशाल बसा. या वयात तेही हवं असतं. फक्त त्याला अभ्यास म्हणू नका. अभ्यास करायचा असेल तर आपल्या शहरात 1828 सालापासूनचं जिल्हा नगर वाचनालय आहे, कॉलेजची लायब्ररी आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची लेक्चर्स मोफत आहेत, 2017 पासून केंद्र सरकारचं स्वयम पोर्टल आहे. भाषा इंग्रजी असली तरी थांबवून परत ऐकता येतं, वर्गात ते जमत नाही. तेव्हा लेक्चर ऐन वेळी कंटाळा आला म्हणून बुडवू नका. कुठे बसणार, कुठलं प्रकरण करणार, बरोबर कोण असेल, हे ठरवून बुडवा. दोघं-तिघं मिळून बसलात तर उत्तम. एकट्याने बसलेल्याचा तास रीलमध्ये जातो हे मी रोज बघते.

इथे कुणीतरी हमखास लोकमान्यांचं उदाहरण देतं. आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक, डेक्कन कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी तालीम आणि पोहण्यात घालवलं, आपण एक लेक्चर सोडलं तर काय बिघडलं? अर्धी गोष्ट का सांगता? त्याच कॉलेजात केरूनाना छत्रे गणित शिकवायचे, आणि टिळकांची त्यांच्यावर अपार भक्ती होती. केरूनानाही आपल्याच किनाऱ्यावरचे, अलिबागजवळच्या नागावचे. कुणापाशी शिकण्यासारखं आहे हे टिळकांनी ओळखलं आणि तिथे ते मन लावून बसले. तुम्हीही प्रत्येक शिक्षकाचा निवाडा वेगळा करा. एका सरांचं कंटाळवाणं म्हणून दिवसभराची सगळीच लेक्चर्स सोडणारी मुलं चांगल्या शिक्षकांनाही मुकतात.

आता प्रॉक्सीबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे.

प्रॉक्सी लावून बुडवलेला तास कागदावर उत्तम झालेला तास असतो. वर्गात बारा मुलं, हजेरी पन्नासची. प्राचार्यांकडे जाणारा कागद म्हणतो, विषय झकास चालला आहे. सेमिस्टर संपताना फीडबॅक फॉर्म येतो, इंटर्नलचे गुण सरांच्या हातात म्हणून मुलं सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करतात. कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती येते त्या दिवशी तीच मुलं इस्त्रीचे कपडे घालून हसतात. मग सुधारणा कोण करणार? आणि कशावरून? वर्गात खरोखर बसलेली ती बारा मुलं बघा कोण असतात. ज्यांना क्लासची फी परवडत नाही, फोन घरात एकच आहे, ती. हुशार आणि ऐपतीची मुलं गुपचूप निघून गेली की प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही, शिक्षकही तयारी सोडून देतो, आणि त्या बाराजणांना आणखी वाईट तास मिळतो. म्हणून म्हणते, सोडायचं तर गैरहजेरी लागू द्या. एका वर्गात चाळीस मुलांची खरी गैरहजेरी लागली तर ती कुणालातरी वाचावी लागेल.

आणि लेखी अर्ज द्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि तक्रार आल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत तिने अहवाल द्यायला हवा. दर्जेदार शिक्षण न मिळणं हीसुद्धा त्या नियमांत तक्रार धरली आहे. हे कितीजणांना माहीत आहे? अर्जात ‘सर नीट शिकवत नाहीत’ असं लिहू नका, त्याने माणूस दुखावतो आणि हाती काही लागत नाही. असं लिहा: युनिट दोनमधली ही प्रमेयं फळ्यावर उतरवली गेली, त्यांवरची उदाहरणं सोडवली गेली नाहीत, आम्हाला या युनिटसाठी दोन जादा तास हवेत. खाली वीस-पंचवीस सह्या. एकट्याचं नाव पुढे काढू नका. अर्ज देण्याआधी एकदा स्वतः सरांना जाऊन भेटा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, कारण जादा वेळ मागणारी मुलं बघून बहुतेक शिक्षकांना बरंच वाटतं.

कॉलेजांनाही माझी एक विनंती आहे. 75 टक्के मागताय, मागा. पण ज्या वर्गाला आठवडेच्या आठवडे शिक्षक नाही त्या वर्गाला लायब्ररीची वाचनखोली सकाळी आठपासून उघडी द्या, आणि तिथे बसलेल्या मुलाला हाकलू नका. बाहेरगावच्या मुलींना दिवसभर बसायला सुरक्षित जागा लागते, पंखा लागतो, पाणी लागतं. याला फार पैसे लागत नाहीत.

ज्यांना अर्ज लिहायचा आहे आणि शब्द सुचत नाहीत त्यांनी मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी मोकळी असते. माझ्या क्लासला येत नसलात तरी या, बसून लिहूया.