हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

धनाढ्यांच्या दानाचा विषय निघाला की भारतात अमेरिकेचं उदाहरण हटकून दिलं जातं. तिथला हिशेब पाहिला तर ते जरा जपून द्यावं. सर्वांत वरच्या करपट्ट्यातल्या अमेरिकी दात्याने 100 डॉलर दिले की त्याचा साधारण 35 डॉलर कर वाचतो. भाव चढलेले शेअर न विकता थेट दिले, तर भांडवली नफ्यावरचा करही टळतो. म्हणजे तिसरा हिस्सा सरकारी तिजोरीचा, पण विषय आणि संस्था ठरवणार दाता एकटा.

तिथल्या खासगी फाउंडेशनला, म्हणजे धनाढ्याने स्वतःच्या पैशातून उभारलेल्या दानसंस्थेला, दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे 5 टक्के रक्कम वाटावी लागते. त्यात कार्यालयीन खर्चही धरतात. शिवाय पैसा डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडात (दात्याच्या नावाचं खातं; त्यातले पैसे कुणाला जावेत हे तो सुचवतो) वळवला तरी वाटप झालं असं मानतात, आणि त्या फंडातून पुढे तो कधी द्यायचा याला कायद्याची मुदतच नाही. सवलत आज, दान सवडीने!

त्यापेक्षा आपली सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची, तरतूद सरळ आहे. कंपनी कायद्याचं कलम 135 ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायला लावतं, आणि तो धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा होत नाही. खोट आहे ती निवडीत. कामं ठरवतं संचालक मंडळ. ग्रामसभेला विचारायचं बंधन नाही. मग गावात जलशुद्धीकरण यंत्र बसतं, फोटो निघतो, आणि मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायला, वीजबिल भरायला तरतूद नसली की ते धूळ खातं.

ऑस्ट्रियात 2024 साली वेगळा प्रयोग झाला. मार्लेने एंगेलहॉर्न या धनाढ्य वारसदार बाईंनी वारशातले 2.5 कोटी युरो वाटण्याचा अधिकारच 50 नागरिकांना दिला. 10,000 जणांना पत्रं गेली. उत्तर देणाऱ्यांतून वय, उत्पन्न, प्रदेश यांचा समतोल राखून 50 निवडले. सहा शनिवार-रविवार बैठका झाल्या, 77 संस्थांना पैसे मिळाले. प्रवासखर्च आणि मानधनही होतं. ते नसतं तर फक्त सवड असलेले लोक आले असते. अर्थात पैसे मुळात द्यायचे की नाहीत, हे तिथेही मालकिणीनेच ठरवलं.

हे आपल्याकडे सीएसआरच्या पैशांबाबत कायदा न बदलता जमेल. तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून गट निवडा, बुडालेली मजुरी भरून द्या, कामांचा क्रम त्यांना लावू द्या. कंपनीने तांत्रिक तपासणी करून तोच क्रम वार्षिक कृती आराखड्यात मंजूर करावा. एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या सीएसआर प्रकल्पाला सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांची मुभा आहे. तेवढ्या देखभालीचे पैसे पहिल्याच मंजुरीत घालावेत.