आकाशगंगेला कमांडो किती लागतात?

काल्पनिक गॅलॅक्टिक साम्राज्यात तीन गोष्टी ठरलेल्या असतात: खंगलेला सम्राट, फितूर सरदार आणि पाचशे कमांडो. ग्रह किती म्हणून विचारावं तर लेखक बेधडक दहा लाख सांगतो. शून्यं लिहायला त्याचं काय जातं? कमांडो मात्र पाचशेच. म्हणजे दोन हजार ग्रहांमागे एक माणूस. त्याने दर आठवड्याला एक ग्रह सावरला आणि एकही रजा घेतली नाही, तरी वाट्याचे ग्रह एकदा पालथे घालायला त्याला अडतीस वर्षं लागतील. शेवटच्या ग्रहावरची राजकन्या तोवर आजी झालेली असते, आणि तिला पळवणाऱ्या चाच्याशी तिचा संसारही बरा चाललेला असतो.

या आकड्याचा छळ मला पानोपानी होतो. नायक हवाबंद दारातून पोकळीत उडी घेतो, बाकीचे वाचक श्वास रोखतात, आणि मी समासात भागाकार मांडून बसतो. नायक वाचतो. माझी बाकी शून्य कधीच येत नाही.

दुसऱ्या टोकाला टक्केवाले बसलेले असतात. त्यांना पाचशे ऐकून हसू येतं आणि ते लगेच पृथ्वीवरचे दाखले काढतात. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडमध्ये सत्तर हजारांच्या आसपास माणसं आहेत आणि तिथली खडी फौज तेरा लाखांच्या घरात आहे, म्हणजे शंभराला पाच. पण त्या सत्तर हजारांत वैमानिक, यंत्रदुरुस्तीवाले, राखीव शिपाई आणि मुलकी कर्मचारीसुद्धा मोजलेले असतात. दार फोडून आत शिरणारे त्यातले थोडेच. तेव्हा उदार मनाने शंभराला एक धरू.

आता हे प्रमाण आकाशगंगेला लावून बघा. दहा लाख ग्रह, प्रत्येकावर शंभर कोटी वस्ती. पृथ्वीवर आज साधारण हजार माणसांमागे तीनेक खडे सैनिक आहेत, तेच प्रमाण धरलं तर साम्राज्याची फौज तीन लाख कोटी होते. तिचा एक टक्का म्हणजे तीन हजार कोटी कमांडो. पृथ्वीच्या आजच्या लोकसंख्येच्या जवळजवळ चौपट 'निवडक' माणसं, प्रत्येकाचा चेहरा काळा रंगवलेला. एवढी जनता गुपचूप कुठे जाणार? ती नुसती एका जागी जमली तरी शत्रूच्या दुर्बिणीत दिसेल.

पाचशे आणि तीन हजार कोटी यांच्यामध्ये कुठेतरी उत्तर आहे, पण टक्केवारी ते देत नाही. कमांडोंचा हिशेब अग्निशमन दलासारखा असतो. शहरात घरं किती हे तिथे दुय्यम. आग लागल्यावर बंब किती मिनिटांत पोहोचायला हवा, त्यावरून केंद्रं किती ते ठरतं. म्हणून फौज मोजण्याआधी लेखकाने एकच गोष्ट ठरवावी: जहाज दिवसाला किती प्रकाशवर्षं तोडतं? नेमकी हीच गोष्ट लेखक ठरवत नाही. जहाज पहिल्या प्रकरणात तीन महिने घेतं आणि शेवटच्या प्रकरणात जेवणाच्या सुट्टीत पोहोचतं.

आपण शंभर प्रकाशवर्षं धरू. आकाशगंगेचा व्यास ढोबळमानाने एक लाख प्रकाशवर्षं. राजधानी मधोमध असेल तर काठावर जायला पाचशे दिवस. ओलीस धरणाऱ्यांनी कितीही लांबलचक मागण्या वाचून दाखवल्या तरी ते पाचशे दिवस थांबत नाहीत. समजा, सम्राटाने फर्मान काढलं की कुठेही पाच दिवसांत तुकडी हजर हवी. म्हणजे प्रत्येक तळाची धाव पाचशे प्रकाशवर्षं. त्रिज्येचं प्रमाण शंभरास एक, क्षेत्रफळाचं दहा हजारांस एक. वर्तुळं एकमेकांवर थोडी चढवल्याशिवाय मधल्या फटी बुजत नाहीत, त्यासाठी वीसेक टक्के वाढवा. झाले बारा हजार तळ. तबकडीची जाडी मी सोडून दिली आहे. ती धरली तर तळ वाढतील, कमी होणार नाहीत.

एका तळावर किती माणसं? एसएएस या ब्रिटिश कमांडो पथकाची जुनी मांडणी इथे कामाची आहे: चार जणांची टोळी, चार टोळ्यांचा सोळाचा ट्रूप, चार ट्रूपची चौसष्टची स्क्वॉड्रन. छाप्याला यापेक्षा जास्त माणसं क्वचितच लागतात. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनसाठी पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या वाड्यात उतरले ते तेवीस कमांडो, एक दुभाषा आणि एक कुत्रा. कोंडाजी फर्जंदांनी १६७३ मध्ये पन्हाळा घेतला तो साठ मावळ्यांनिशी. तेव्हा चौसष्टची तुकडी कुठल्याही ग्रहावर लाज आणणार नाही.

पण चौसष्ट सदैव सज्ज हवे असतील तर पगारपत्रकावर चौसष्ट लिहून भागत नाही. तिप्पट लिहावे लागतात. एक तुकडी कामावर, दुसरी तयारीत आणि तिसरी नुकतीच परतलेली: प्लॅस्टरमध्ये, रजेवर किंवा हरवलेल्या साहित्याचे अर्ज भरताना. काल्पनिक सेनांमध्ये ही तिसरी तुकडी नसतेच. नायक सकाळी ज्वालामुखीतून निघतो आणि दुपारी बर्फात उतरतो. त्याचे बूट कोण वाळवतं?

तर चौसष्ट गुणिले तीन म्हणजे एकशे ब्याण्णव, त्याला बारा हजारांनी गुणलं की तेवीस लाख चार हजार. हा माझा आकडा. एका कमांडोमागे चालक, शस्त्रागारवाले, टेहळे, वैद्य आणि स्वयंपाकी मिळून पाच जण धरले तर वर आणखी सव्वा कोटीला थोडी कमी माणसं. आता इंजिन बदलून बघा. जहाजाचा वेग दुप्पट झाला तर तळ चौथाईवर येतात: तीन हजार तळ आणि पावणेसहा लाख कमांडो. वेग निम्मा केला तर अठ्ठेचाळीस हजार तळ आणि ब्याण्णव लाखांवर माणसं. म्हणजे कमांडो वाढवायचे की कमी करायचे हे सेनापतीपेक्षा इंजिन बनवणाऱ्याच्या हातात जास्त आहे. कथेत त्या बिचाऱ्याला एक वाक्यही मिळत नाही.

तीन लाख कोटींच्या फौजेत तेवीस लाख म्हणजे तेरा लाखांमागे एक. टक्केवाले आता नाक मुरडतील. मुरडू द्या. दर ग्रहाची स्वतःची तीस लाखांची फौज आहे आणि तिच्यात शंभराला एक धरला तरी तीस हजार स्थानिक कमांडो. गावठी बंडखोर, पळवलेला महापौर, संपावरचा तुरुंग ही कामं त्यांची. केंद्राचे तेवीस लाख असतात ते स्थानिक कमांडोच फितूर होतात तेव्हासाठी.

भरतीचं गणित मात्र जीव खाणारं आहे. कमांडो या कामात सरासरी आठ वर्षं टिकला असं धरलं (गुडघे त्याआधीच बोलायला लागतात) तर तेवीस लाखांची फौज नुसती आहे तेवढी राखायला दरवर्षी दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार नवे हवेत. निवडीत चारातला एक उतरतो, हे प्रमाणसुद्धा सैल हाताचं. म्हणजे वर्षाला साडेअकरा लाखांवर उमेदवार येणार आणि त्यातले साडेआठ लाखांवर परत जाणार. निवड केंद्र राजधानीत एकच ठेवलं तर काठावरच्या ग्रहावरून एखादा हवालदार पाचशे दिवस प्रवास करून येतो, पहिल्याच आठवड्यात घोटा मुरगळून बाद होतो आणि पुन्हा पाचशे दिवस प्रवास करून घरी जातो. साम्राज्याच्या ताफ्यातली अर्धी जहाजं लंगडणारे हवालदार वाहण्यातच गुंतलेली असतील.

म्हणून केंद्रं विभागून ठेवावी लागतात, आणि तिथून पुढचा बिघाड सुरू होतो. तीस केंद्रं झाली की तीस मापं झाली. एखाद्या केंद्राचा निकाल कमी लागतो, वरून खरमरीत पत्र येतं, आणि पुढच्या वर्षी तिथे शंभरातले ऐंशी उत्तीर्ण. यावर जुना आणि कडू इलाज आहे: परीक्षकांच्या बदल्या करत राहणं, आणि उत्तीर्ण किती करायचे याचा आकडा कधीही खाली न कळवणं. जागा रिकाम्या राहिल्या तर राहू द्याव्यात. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसवाल्यांत एक वचनच आहे की अशी माणसं घाऊक तयार होत नाहीत, आणि संकट आल्यावर तर नाहीच नाही.

'मग क्लोन करा,' असं इथे कोणीतरी म्हणतंच. करा की. खांदे मिळतील, दृष्टी मिळेल. पण अंधारात कुठली फळी करकरणार हे ओळखायला आठ वर्षं लागतात आणि ती नळीत वाढत नाहीत. शिवाय सगळ्यांना एकाच विषाणूने एकाच दिवशी ताप येणार.

टोळीत कोण असावं हाही हिशेबाचाच भाग. काल्पनिक पथकात एक संगणकवाला, एक पैलवान, एक स्फोटकवाला, एक वैद्य आणि एक नर्मविनोदी चोर असतो. प्रत्येकी एकच! वैद्याला गोळी लागली की पुढची तीन प्रकरणं सगळे हळहळत बसतात. अमेरिकी स्पेशल फोर्सेसच्या बाराच्या तुकडीत शस्त्रांचे दोन, स्फोटकांचे दोन, औषधांचे दोन आणि संदेशवहनाचे दोन सार्जंट असतात. वरचे चार नेतृत्व आणि माहितीचं काम बघतात. तुकडी मधोमध फाडली तरी दोन्ही सहाच्या अर्ध्या पूर्ण काम करतात. आकाशगंगेत यात दुभाष्यांची भर घालावी लागेल. गुरुत्वाकर्षणाचीही. आपल्या दीडपट ओढीच्या ग्रहावर ऐंशी किलोचा गडी एकशेवीसचा होतो आणि पाठीवरची चाळीस किलोची पिशवी साठची. तो छतावरून उडी मारतो ती नेहमीच्याच झोकात, पण उतरल्यावर उठत नाही. तेव्हा हलक्या ग्रहावरच्या तळाची कुमक जड ग्रहावर पाठवू नये, ती कितीही जवळ असली तरी.

मात्र या नादात प्रत्येक कामाचं वेगळं पथक काढत सुटू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेले ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम यांनी अशा खास पथकांची थट्टा करताना झाडावर चढणाऱ्यांची शाही पलटण कल्पिली होती: ओकच्या पानांचा तुरा लावलेली हिरवी टोपी नसेल त्याने झाडावर चढायचंच नाही. गॅलॅक्टिक लेखकांनी ही थट्टा आराखडा समजून घेतलेली दिसते. शून्य-गुरुत्व कमांडो, दलदल कमांडो, उल्का कमांडो, भुयार कमांडो. स्लिम यांचा खरा मुद्दा होता की सगळी चांगली माणसं अशा पथकांनी उचलली की साध्या पलटणी पोकळ होतात. पाचपन्नास ग्रहांच्या छोट्या राज्याला हा मार फार लवकर बसतो.

सुट्या भागांकडेही लक्ष हवं. १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांसाठी अमेरिकेने आठ हेलिकॉप्टरं पाठवली. किमान सहा हवी होती. वाळवंटातल्या ठरल्या जागी धड अशी पाचच उरली आणि मोहीम सोडून द्यावी लागली. परत निघताना टक्कर होऊन आठ जण गेले ते वेगळेच. ज्या कामाला सहा जहाजं लागतात त्याला मी दहा लिहीन, आणि वित्तखात्याला बारा सांगेन.

एवढं करून तयार झालेल्या फौजेची माती दोन प्रकारे होते. एक तर सेनापती तिला साध्या पायदळासारखी आघाडीवर ढकलतो. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत सिस्टेर्नापाशी रेंजर्स या अमेरिकी कमांडोंच्या दोन बटालियन, ७६७ माणसं, रणगाड्यांच्या तोंडी सापडल्या. परतले सहा, बाकीचे बहुतेक कैदेत गेले. नाहीतर उलट, फौज इतकी मौल्यवान होते की वापरवतच नाही. १८१२ मध्ये रशियात बोरोदिनोच्या लढाईत नेपोलियनने आपल्या गार्डचं, म्हणजे खाशा फौजेचं, पायदळ शेवटपर्यंत राखून ठेवलं; पॅरिसपासून इतक्या दूर हातची राखीव फौज घालवायची नाही म्हणून. पाचशेच कमांडो असलेल्या सम्राटाचंही हेच होणार. तो त्यांना कपाटात ठेवेल आणि सणासुदीला संचलनाला काढेल.

राजधानीत तर ते फार ठेवूच नयेत. रोममध्ये प्रीटोरियन म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षकांनी इ. स. १९३ मध्ये सम्राट पर्टिनॅक्सला मारून साम्राज्याचा लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानसने रक्षकामागे पंचवीस हजार सेस्टर्शियस (रोमन नाणी) बोलून ते घेतलं आणि त्याला ते सहासष्ट दिवस पुरलं. राजधानीच्या तळावर चौसष्टच्या तीन तुकड्या ठेवाव्यात, तिन्हींचे मुदपाकखाने वेगळे ठेवावेत, आणि तिन्ही सुभेदारांचं एकमेकांशी पटत नाही याची अधूनमधून खात्री करून घ्यावी.

राहिलं नाव. एसएएसची सुरुवात १९४१ मध्ये 'एल तुकडी, स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड' या नावाने झाली. तुकडी साठपासष्ट माणसांची होती आणि ब्रिगेड कुठेच नव्हती. अमेरिकी नौदलाच्या कमांडोंची सील टीम सिक्स निघाली तेव्हा आधीच्या सील टीम फक्त दोन होत्या, मधला फरक रशियन हेरांनी शोधायचा होता. म्हणून पहिल्या तुकडीला सतरावी म्हणावं. शत्रू उरलेल्या सोळा शोधत फिरेल. वित्तखातंही फिरेल, आणि वर्षअखेरीला त्या सोळांच्या बुटांच्या पावत्या मागेल. त्या बनवायला एक कारकून लागतो. तो तेवीस लाख चार हजारांत धरलेला नाही.